अमेरिकेतल्या घरातला जुना थर्मोस्टॅट स्वतः कसा बदलावा

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक एसीचा रिमोट वेगळा आणि त्याचा कारभार त्या एका खोलीपुरता. अमेरिकेत घर घेतलं की हॉलच्या किंवा पॅसेजच्या भिंतीवरची एक छोटी डबी अख्ख्या घराचं हीटिंग आणि कूलिंग सांभाळत असते. घर जुनं असेल तर डबीही जुनीच मिळते: गोल तबकडीची, नाहीतर पिवळट पडलेल्या प्लॅस्टिकची. ती बदलायला माणूस बोलावला तर त्याच्या नुसत्या फेरीचेच शंभरेक डॉलर सहज जातात, आणि थर्मोस्टॅटचे पैसे वेगळे.

काम खरं म्हणजे तासाभरात आटोपणारं आहे. स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही ते जमतं. अट एकच: जुन्या डबीमागे काय आहे ते पाहून आणि समजून घेतल्याशिवाय एकही तार सोडायची नाही. ओळखीच्या घरांमध्ये या कामात घोळ झालेले मी पाहिले आहेत, आणि ते जवळपास सगळे तारा सोडण्याआधीच्या पाच मिनिटांत टाळता आले असते. म्हणून या लेखात त्या पाच मिनिटांना जास्त जागा दिली आहे.

थर्मोस्टॅट करतो काय

हा मुळात एक स्विच आहे. फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राच्या, आत एक ट्रान्सफॉर्मर असतो, तो घरातल्या 120 व्होल्टचे 24 व्होल्ट करतो. त्या 24 व्होल्टची एक तार भिंतीतून डबीपर्यंत येते. खोली गार पडली की थर्मोस्टॅट ही तार दुसऱ्या एका तारेला जोडतो, फर्नेसच्या बोर्डाला निरोप पोचतो आणि बर्नर पेटतो. खोली हवी तेवढी तापली की जोड सुटतो. उन्हाळ्यातही हेच, फक्त जोडायच्या तारा वेगळ्या. स्क्रीनवर हवामान दाखवणारे, फोनवरून चालणारे महागडे थर्मोस्टॅटही शेवटी एवढंच करतात.

प्रत्येक तारेच्या स्क्रूजवळ एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. ती अक्षरं एकदा कळली की निम्मं काम झालं:

- आर: वीज घेऊन येणारी तार. कधी आरएच आणि आरसी अशी दोन टर्मिनल (तार लावायच्या जागा) दिसतात, पहिलं हीटिंगचं, दुसरं कूलिंगचं. ट्रान्सफॉर्मर एकच असेल तर ही दोन्ही एका इवल्याशा तारेने किंवा पत्र्याच्या तुकड्याने आपसांत जोडलेली असतात.
- डब्ल्यू: हीटिंग. डब्ल्यू-2 असेल तर हीटिंगचा दुसरा टप्पा.
- वाय: कूलिंग, म्हणजे घराबाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर.
- जी: हवा फेकणारा पंखा.
- सी: परतीची तार. थर्मोस्टॅटला स्वतःला सतत वीज हवी असेल तर आरमधून आलेली वीज या तारेने परत जाते.
- ओ, बी किंवा ओ/बी: हीट पंपाची (थंडीत उलट दिशेने चालून घर गरम करणाऱ्या एसीची) दिशा बदलणारा वॉल्व्ह.
- ऑक्स आणि ई: हीट पंपाला कडाक्याच्या थंडीत मदत करणारं जादा हीटिंग.

आता रंगांबद्दल. साधारण प्रथा अशी की आर लाल, डब्ल्यू पांढरी, वाय पिवळी, जी हिरवी आणि सी निळी. पण रंगावर अजिबात विसंबू नका. ज्याने वीस-तीस वर्षांपूर्वी ही केबल ओढली त्याने हाताला जी तार लागली ती लावलेली असू शकते. तार कोणत्या अक्षराखाली आहे ते खरं. अक्षरातही एक अपवाद आहे: ट्रेन (Trane) या कंपनीच्या काही जुन्या हीट पंपांत बी या अक्षराखाली सी तार असते. ती नव्या थर्मोस्टॅटच्या ओ/बी टर्मिनलला लावली तर शॉर्ट होण्याची भीती असते. तुमचा हीट पंप या कंपनीचा असेल आणि बीखाली निळी तार दिसली, तर फर्नेसच्या बोर्डावर ती कुठे जाते ते पाहून मगच पुढे जा.

कोणत्या घरात हात घालू नये

जुन्या डबीचं कव्हर बहुधा नुसतं ओढलं की निघतं. ते काढून आत पाहा. तारा बारीक, रंगीबेरंगी, दोनपासून आठपर्यंत असतील तर ते 24 व्होल्टचं काम आहे आणि ते तुमच्या आवाक्यातलं आहे.

पण आत पेन्सिलीच्या शिशापेक्षा जाड, काळ्या-लाल-पांढऱ्या तारा असतील, त्यांच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या पिळलेल्या असतील, डबीवर 120 किंवा 240 व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तिथेच थांबा. भिंतीच्या तळाशी लावलेल्या इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरचे थर्मोस्टॅट असे असतात. त्यांतून हीटरची पूर्ण वीज जाते. त्यांना वेगळ्या जातीचा थर्मोस्टॅट लागतो, साधा लावला तर आग लागू शकते. हे काम इलेक्ट्रिशियनला द्या.

गॅसची फायरप्लेस आणि काही जुने भिंतीतले गॅस हीटर मिलिव्होल्टवर चालतात. तिथे ट्रान्सफॉर्मर नसतोच, सतत जळत राहणाऱ्या छोट्या पायलट ज्योतीच्या उष्णतेतून एका व्होल्टपेक्षाही कमी वीज तयार होते आणि तेवढ्यावर वॉल्व्ह उघडतो. तिथे मिलिव्होल्टला चालतो असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेला, बॅटरीवरचा थर्मोस्टॅट घ्यावा. आणि काही महागड्या नव्या सिस्टिममध्ये तारांची अक्षरं ए, बी, सी, डी अशी ओळीने असतात. तिथे थर्मोस्टॅट आणि फर्नेस आपसांत त्यांच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. बाजारातला कुठलाही थर्मोस्टॅट तिथे चालत नाही, त्याच कंपनीचा लागतो.

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सकडच्या जुन्या घरांत गरम पाण्याचे बॉयलर खूप. तिथे डबीमागे बहुधा दोनच तारा सापडतात, आर आणि डब्ल्यू. काम अगदी सोपं, पण सी तार नसते. अशा घरात माझा सल्ला सरळ आहे: बॅटरीवर चालणारा थर्मोस्टॅट लावा आणि मोकळे व्हा.

सी तारेचा प्रश्न

दुकानातून स्मार्ट थर्मोस्टॅट आणला, उत्साहाने जुना काढला, आणि मग कळलं की सी तार नाही. हे इतक्या घरांत घडतं की खरेदीच्या आधीच याचा सोक्षमोक्ष लावावा.

जुना थर्मोस्टॅट पाऱ्याचा किंवा बॅटरीचा होता, त्याला स्वतःला वीज लागत नव्हती, म्हणून बसवणाऱ्याने सी तार जोडली नाही. वायफाय आणि उजळ स्क्रीन चालवायची तर सतत वीज हवी. काही स्मार्ट थर्मोस्टॅट सी तारेशिवाय भागवतात: हीटिंग-कूलिंगच्या तारांतून थोडी थोडी वीज उसनी घेऊन आतली छोटी बॅटरी भरत राहतात. काही घरांत हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. काही घरांत मात्र ऐन जानेवारीत ती बॅटरी उतरते आणि पडदा काळा होतो, किंवा फर्नेसचा रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा स्विच, उगाचच टकटक करत राहतो. सी तार मिळत असेल तर ती जोडाच. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

आधी डबीची प्लेट जराशी सैल करून भिंतीतल्या भोकात डोकावून पाहा. कित्येकदा केबलमध्ये पाच तारा असतात, चारच वापरलेल्या असतात आणि पाचवी, बहुधा निळी, केबलभोवती गुंडाळून आत सारलेली असते. ही सापडली तर जिंकलंच. वीज बंद करून फर्नेसचा खालचा दरवाजा काढायचा. आत एक सर्किट बोर्ड दिसेल, त्यावर तीच अक्षरं ओळीने असतात. भिंतीकडे जाणाऱ्या केबलचं दुसरं टोक इथे उघडतं. त्यातली तीच निळी तार शोधून सी टर्मिनलला लावायची. तिथे बाहेरच्या एसी युनिटकडे जाणारी एक तार आधीच असेल, ती काढायची नाही, दोन्ही एकाच स्क्रूखाली बसतात.

जादा तार नसेल तर तीन वाटा आहेत. काही थर्मोस्टॅटच्या खोक्यातच एक छोटं अ‍ॅडॉप्टर येतं, ते फर्नेसच्या बोर्डाजवळ बसवलं की चार तारांवर पाच तारांचं काम होतं. दुसरी वाट, भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा 24 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर. काम चोख होतं, पण भिंतीवरून लोंबणारी वायर दिसत राहते. तिसरी, जी तारेलाच दोन्ही टोकांना सी करून टाकायचं. मग नुसता पंखा वेगळा चालवता येत नाही, आणि कूलिंगच्या वेळी पंखा सुरू व्हावा म्हणून बोर्डावर वाय आणि जी यांच्यात एक जोडतार द्यावी लागते. नवख्या माणसाने पहिली वाट धरावी. केबल नव्याने ओढण्याजोगी असेल, म्हणजे डबीच्या बरोबर खाली मोकळं बेसमेंट असेल, तर 18 गेजची आठ तारांची केबल टाकून घेणं सगळ्यात उत्तम, पण ते वेगळ्या दिवसाचं काम आहे.

कोणता घ्यावा

घरात दिवसभर कुणी ना कुणी असतं, आजी-आजोबा आलेले असतात, तापमान फारसं बदलायचं नसतं, अशा घराला मोठे आकडे आणि साधी बटणं असलेला बॅटरीचा प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट पुरेसा आहे. स्मार्ट थर्मोस्टॅटचा खरा उपयोग घर बराच काळ बंद राहतं तेव्हा होतो. त्याबद्दल शेवटी लिहिलंय. तुमची वीज किंवा गॅस कंपनी एनर्जी स्टारच्या (वीज वाचवणाऱ्या उपकरणांवरच्या सरकारी खुणेच्या) थर्मोस्टॅटवर सवलत देते का ते विकत घेण्याआधी तिच्या वेबसाइटवर पाहा. बऱ्याच कंपन्या देतात.

तुमच्या तारांचा फोटो काढून कंपनीच्या वेबसाइटवरच्या तपासणीच्या पानावर अक्षरं भरली की तो मॉडेल तुमच्याकडे चालेल की नाही ते लगेच कळतं. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाला लेखी विचारा आणि जुना थर्मोस्टॅट जपून ठेवा.

प्रत्यक्ष काम

लागणारं सामान थोडं आहे: छोटा चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, तार सोलायचा चिमटा, पेन्सिल, चिकटपट्टी, ड्रिल, आणि पंधरा-वीस डॉलरचा मल्टिमीटर. मल्टिमीटर टाळू नका. वीज आहे का ते तारेला न टेकता सांगणारा पेनसारखा टेस्टर अनेकांकडे असतो, पण तो 120 व्होल्टसाठी असतो. 24 व्होल्टवर तो बहुधा गप्प बसतो आणि तार मेलेली आहे असा गैरसमज होतो.

दिवस निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमधला, सकाळचा वेळ निवडा. काही अडलं तर घर गोठणार नाही आणि दुकानं उघडी असतील.

सुरुवात वीज बंद करण्यापासून. फर्नेसच्या शेजारी किंवा तिच्या अंगावरच दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो, तो बंद करा. पॅनेलमधला फर्नेसचा आणि एसीचा ब्रेकरही पाडा. 24 व्होल्टने माणसाला शॉक बसत नाही, मग एवढं कशाला, असं वाटेल. धोका माणसाला नाही, मशिनला आहे. वीज चालू असताना आर तार चुकून सीला टेकली तर क्षणात बोर्डावरचा फ्यूज उडतो, आणि जुन्या सिस्टिममध्ये फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो.

बंद केली म्हणजे बंद झाली असं धरून चालू नका. जुना थर्मोस्टॅट बॅटरीचा असेल तर त्याची स्क्रीन तशीच चालू राहते, त्यावरून काही कळत नाही. मल्टिमीटर एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या, व्होल्टवर ठेवून एक टोक आरला आणि दुसरं सीला लावा, सी नसेल तर डब्ल्यूला. शून्य दिसलं पाहिजे. वीज चालू असताना याच जागी 24 ते 28 च्या आसपास आकडा येतो.

मग फोटो. तारा आणि अक्षरं दोन्ही स्पष्ट दिसतील असा एक समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. फोटो फोनवर मोठा करून अक्षरं वाचता येतात का ते तिथेच पाहा. त्यानंतर नव्या थर्मोस्टॅटबरोबर आलेल्या चिकटपट्ट्या प्रत्येक तारेला लावा. जुन्या प्लेटवर जे अक्षर, तेच पट्टीवर. आरएच आणि आरसी यांमधली इवलीशी जोडतार ही केबलमधली तार नव्हे, तिला पट्टी लावायची गरज नाही. पण ती होती की नव्हती हे लिहून ठेवा. ती नसेल आणि आरएच, आरसी या दोन्हींवर भिंतीतून आलेल्या वेगवेगळ्या तारा असतील, तर तुमच्याकडे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. अशा घराला ही दोन टर्मिनल वेगळी ठेवणारा थर्मोस्टॅटच लागतो. त्यातली अंतर्गत जोड काढायची असते, काहींमध्ये त्यासाठी एक बारीक खटका सरकवावा लागतो.

आता एकेक तार सोडा. सगळ्या एकदम नको. सोडलेली तार पेन्सिलीला गुंडाळा किंवा चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा. केबल भिंतीच्या पोकळीत सुटून आत पडली तर ती बाहेर काढण्यात दुपार जाते.

जुनी डबी गोल आणि सोनेरी कडेची असेल तर क्षणभर पाहून घ्या. हनिवेलचा हा गोल थर्मोस्टॅट 1953 साली आला, हेन्री ड्रायफस या डिझायनरने घडवलेला, आणि अजून कित्येक भिंतींवर तो बिनतक्रार चालतोय. कव्हर काढून तबकडी हळूच फिरवली की आतली पितळी स्प्रिंग कलते, तिच्या टोकावरची काचेची कुपी तिरपी होते आणि चांदीसारखा पाऱ्याचा थेंब एका टोकाकडून दुसऱ्याकडे घरंगळतो. तो तारांच्या दोन टोकांना एकदम टेकला की हीटिंग सुरू. हा सगळा स्विच एवढाच.

पण या कुपीत साधारण 3 ग्रॅम पारा असतो, म्हणून अशी डबी कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकायची नाही. कुपी वेगळी काढायच्या फंदात न पडता अख्खी डबी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग खोक्यात ठेवा आणि तुमच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या. 1998 पासून थर्मोस्टॅट उत्पादकांनीच चालवलेली थर्मोस्टॅट रीसायकलिंग कॉर्पोरेशन ही संस्था आहे, तिची गोळा करायची ठिकाणं हीटिंगचं सामान विकणाऱ्या अनेक घाऊक दुकानांत असतात. कुपी फुटलीच तर मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा. झाडू किंवा व्हॅक्यूम अजिबात वापरू नका, त्याने पारा घरभर पसरतो. थेंब कडक कागदाने किंवा पुठ्ठ्याने एकत्र करून हवाबंद बरणीत भरा.

प्लेट निघाली की खाली जुन्या रंगाचा ठसा आणि मोठं भोक दिसतं. घर 1978 च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, म्हणून भिंत घासत बसू नका. नव्या थर्मोस्टॅटबरोबर येणारी मोठी सजावटीची प्लेट लावली की ठसा झाकला जातो. भोक मात्र बुजवा. केबलभोवती थोडी पुट्टी किंवा इन्सुलेशनचा तुकडा दाबून बसवला की पुरे. बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि मग भिंतीच्या पोकळीतून येणारा गार वारा थर्मोस्टॅटच्या पाठीला लागतो. खोली उबदार असूनही त्याला ती गार वाटते आणि फर्नेस विनाकारण चालत राहते.

नवी प्लेट भिंतीला धरा, तारा मधल्या खिडकीतून बाहेर घ्या, पेन्सिलीने खुणा करा. भोकं पाडताना केबल बाजूला धरा. प्लॅस्टिकचे अँकर ठोका, स्क्रू लावा, फार आवळू नका, प्लेट वाकते. पाऱ्याच्या थर्मोस्टॅटला अगदी समपातळी लागायची, नव्याला ती फक्त दिसायला हवी.

तारांची टोकं सरळ करा. जुनं टोक काळवंडलेलं किंवा वाकडं झालं असेल तर ते कापून साधारण एक सेंटिमीटर नवं सोला. प्रत्येक तार तिच्या अक्षराखाली घालून घट्ट करा, मग हलकेच ओढून पाहा. ओढल्यावर सुटली तर ती लागलेलीच नव्हती. उघडं तांबं टर्मिनलच्या बाहेर दिसता कामा नये. उरलेली केबल भोकात सारा, म्हणजे वरची डबी सपाट बसेल. डबी टक् असा आवाज होईपर्यंत दाबा.

वीज चालू केल्यावर

फर्नेसचा दरवाजा आधी नीट बसवा. दरवाजामागे एक सुरक्षा बटण असतं, ते दाबलं गेल्याशिवाय फर्नेसला वीजच मिळत नाही. मग ब्रेकर, मग स्विच.

आता थर्मोस्टॅट काही प्रश्न विचारेल, आणि इथे घाई करू नका. पहिला प्रश्न: साधी फर्नेस की हीट पंप? ओ किंवा बी तार असेल तर हीट पंप. नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत हे भरपूर. हीट पंप असेल तर वॉल्व्ह कधी चालू करायचा तेही सांगावं लागतं: बहुतेक कंपन्यांचा कूलिंगच्या वेळी चालू होतो, रीम आणि रूड यांचा हीटिंगच्या वेळी. हे उलट भरलं तर थंड मागितल्यावर गरम हवा येते. घाबरू नका, तारा हलवायच्या नाहीत, मेनूतली ती एक निवड बदलायची.

दुसरा, तासाला किती वेळा सुरू-बंद व्हायचं. साधी गॅस फर्नेस असेल तर 5, नव्वद टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेची फर्नेस किंवा गरम पाण्याचा बॉयलर असेल तर 3, वाफेचा बॉयलर असेल तर 1, इलेक्ट्रिक फर्नेस असेल तर 9. काही थर्मोस्टॅट फक्त सिस्टिमचा प्रकार विचारून हा आकडा स्वतः ठरवतात.

चाचणी पंख्यापासून सुरू करा. पंखा ऑन केला की झडपांतून हवा यायला हवी. मग हीटिंग: तापमान खोलीपेक्षा पाच डिग्री वर न्या, एक-दोन मिनिटांत बर्नरचा आवाज येईल, थोड्या वेळाने गरम हवा. बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा हीटिंग लावलं की धूळ जळल्याचा वास येतो आणि जातो. गॅसचा वास आला तर मात्र कुठल्याही बटणाला हात न लावता घराबाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा. कूलिंग बाहेर 60 डिग्री फॅरेनहाइटच्या वर असेल तरच तपासा, गारठ्यात कॉम्प्रेसर चालवू नये. एकदा बंद करून लगेच चालू केला तर पाचेक मिनिटं काहीच होत नाही. कॉम्प्रेसर जपण्यासाठी ठेवलेला तो विराम आहे, बिघाड नव्हे.

काहीच सुरू झालं नाही तर या क्रमाने पाहा: दरवाजा, स्विच, ब्रेकर, आर तार. हे सगळं ठीक असेल तर वीज पुन्हा बंद करून बोर्डावरचा फ्यूज बघा. गाडीत असतो तसाच चपटा फ्यूज, जांभळा म्हणजे 3 अँपिअर, फिका तपकिरी म्हणजे 5. आतली तार तुटलेली दिसली तर त्याच आकड्याचा नवा घाला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. मोठ्या आकड्याचा कधीही नाही. नवा फ्यूजही उडाला तर कुठेतरी दोन तारा एकमेकींना टेकताहेत. तारा फोटोशी ताडून पाहा, आणि तरी सापडलं नाही तर मग खरंच माणूस बोलवा. फोटो त्याला दाखवलात तर त्याचा अर्धा तास आणि तुमचे तेवढे पैसे वाचतील.

आकडे आणि भारतवारी

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा की हिवाळ्यात जागेपणी 68 डिग्री फॅरेनहाइट, म्हणजे 20 सेल्सिअस ठेवावं, आणि दिवसातले आठ तास 7 ते 10 डिग्री खाली आणलं तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते. आपल्याकडच्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात 68 गार वाटतं, लहान बाळ किंवा वयस्क आई-वडील घरात असतील तर 70-72 ठेवायला काहीही हरकत नाही. झोपेचे तास आणि ऑफिसचे तास, एवढ्या दोन वेळा खाली आणल्या तरी बिलात फरक दिसतो. हीट पंप असेल तर मात्र फार खाली नेऊ नका. सकाळी एकदम आठ-दहा डिग्री चढवायला गेलात की ऑक्स हीटिंग जागं होतं. ते वीज भसाभस खातं आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं.

डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जाताना बिल वाचवायला हीटिंग पूर्ण बंद करून जाण्याचा मोह होतो. थंड राज्यांत हे कधीही करू नका. भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात आणि परत येईपर्यंत पाणी घरभर वाहत राहतं. थर्मोस्टॅट 55 डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नका, आणि हा आकडा कायमच्या होल्डवर ठेवा, नाहीतर दुसऱ्या सकाळी ठरलेला प्रोग्रॅम तो पुन्हा 70 वर नेतो. बॅटरीचा थर्मोस्टॅट असेल तर निघायच्या आठवड्यात नव्या बॅटऱ्या घाला, जुन्या अजून चालत असल्या तरी. स्मार्ट असेल तर तापमान 50 च्या खाली गेल्यास फोनवर सूचना येईल अशी सोय चालू करा, आणि भारतातलं सिम टाकल्यावरही ते अ‍ॅप उघडतंय ना, ते निघण्याआधी तपासा. पासवर्ड मागताना कोड अमेरिकन नंबरवर जात असेल तर तो ईमेलवर वळवून घ्या. सूचना आल्यावर घरात जाऊन पाहणारं कुणीतरी लागतंच, म्हणून किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्यांना प्रत्यक्ष दाखवून ठेवा.